शेवट ठाऊक असूनही पान उलटावंसं का वाटतं? इनामदारांची ‘झुंज’ आणि इतिहासातल्या कलाटण्या

छत्रीबाग (इंदूर)

हा धागा ना. सं. इनामदारांच्या वाचकांसाठी आहे, आणि जे स्वतः ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलेत त्यांच्यासाठीही.

‘झुंज’चा नायक यशवंतराव होळकर. इंदुरात मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्याचं पुढे काय झालं हे सांगावं लागत नाही. १८११ मध्ये तो भानपुऱ्याला वारला, १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. सगळं पाठ आहे. तरीही या माणसाची गोष्ट हातातून खाली ठेववत नाही. रहस्यकथेत गुन्हेगाराचं नाव आधी कळलं की पुस्तक संपतं. इथे मात्र शेवट आधीच जगजाहीर आहे आणि पकड सुटत नाही.

माझं म्हणणं असं, की ऐतिहासिक कादंबरीतली कलाटणी ‘काय झालं’ यात नसतेच. ती असते ‘कोणाला, कधी कळलं’ यात. वाचकाला तारीख माहीत असते, पात्राला नसते. या दोघांमधलं अंतर लेखक जितकं नेमकं सांभाळतो तितका वाचकाचा जीव टांगणीला लागतो.

पानिपताचंच बघा. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशव्यांना खबर लागली ती २४ जानेवारीला, भेलशाला, म्हणजे आजच्या विदिशाला, आणि तीही वाटेत हाती लागलेल्या एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. मोती, मोहरा, रुपये, खुर्दा अशा भाषेत नुकसान लिहिलेलं. मधले दहा दिवस पेशवा फौज घेऊन मदतीलाच निघालेला असतो, आणि मदत ज्यांना पोचवायची ते उरलेलेच नसतात. कादंबरीकाराला त्या दहा दिवसांत एकही प्रसंग बनवून घालावा लागत नाही. पेशव्याचा रोजचा मुक्काम, दाणावैरणीची चौकशी, सरदारांना लिहिलेली पत्रं एवढं सरळ लिहिलं तरी वाचकाला ते सोसवत नाही.

यशवंतरावाच्या आयुष्यात अशा जागा भरपूर आहेत. तुम्हाला कोणती कलाटणी सगळ्यांत जबर वाटते, आणि ती कशामुळे जमते, ते लिहा. नुसतं ‘अंगावर काटा आला’ नको. काटा कशाने आला ते उकलून सांगा.


रेवाकाठ

माझ्या मते हडपसर. पण लढाई नव्हे, तिच्यानंतरचं.

नवे लिहिणारे इथे हमखास घसरतात, म्हणून क्रम आधी लावून घेते. १६ एप्रिल १८०१ ला पुण्यात यशवंतरावाच्या भावाला, विठोजी होळकराला, हत्तीच्या पायी दिलं. हडपसरची लढाई २५ ऑक्टोबर १८०२ ला, दिवाळीच्या दिवसांत. मध्ये दीड वर्ष आहे! बहुतेक मसुद्यांत एका प्रकरणात भाऊ मरतो आणि पुढच्या प्रकरणात यशवंतराव पुण्याच्या वेशीवर. त्यात सूड सोपा होतो आणि माणूस लहान होतो.

त्या दीड वर्षात काय काय झालंय ते बघा. १८०१ च्या जुलैत यशवंतरावाने उज्जैनला शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूच्या सर्जेराव घाटग्याने उलट वार करून इंदूर लुटलं, जाळलं. म्हणजे पुण्याला निघालेला माणूस भावाचा सूड मनात घेऊन निघालाय, पण मागे स्वतःचं घरही जळलंय. त्याची फौज पगारावर चालते, पगाराला मुलूख लागतो, आणि मुलूख दुसऱ्याच्या हातात आहे. हे तिन्ही धागे वाचकाच्या हातात असतील तरच हडपसरला वजन येतं.

आता कलाटणी. यशवंतराव जिंकला. दुसरा बाजीराव पेशवा सिंहगडाकडे पळाला, तिथून कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोचला. यशवंतरावाला पुणं हवं होतं ते पेशव्याकडून आपला हक्क मान्य करून घ्यायला. मान्य करणाराच गेला! मग बाजीरावाच्या दत्तक भावाला, अमृतरावाला, पुढे करून कारभार चालवायचा प्रयत्न झाला, पण गादीवरचा माणूस तिकडे वसईत. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावाने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. १३ मे १८०३ ला इंग्रजांनी त्याला पुन्हा पुण्यात बसवलं. हडपसर जिंकल्यामुळे वसईचा तह झाला, आणि तो तह यशवंतरावाला आयुष्यभर पुरून उरला.

ही कलाटणी उत्तम का? कारण ती बाहेरून येत नाही. नायकाने जे सर्वांत चांगलं केलं त्याच्याच पोटातून निघते. फितुरी, विषप्रयोग, ऐनवेळी आलेली कुमक या सगळ्या कलाटण्या दुसऱ्याच्या कृतीवर उभ्या असतात. इथे नायकाचा स्वतःचा विजयच त्याला घेरतो.


दौलतगंज (ग्वाल्हेर)

रेवाकाठताई, हडपसरचं पटलं. पण ग्वाल्हेरहून एक गोष्ट सांगणं भाग आहे. होळकरांवर प्रेमाने लिहिताना शिंदे सरसकट खलनायक होतात, आणि त्याने कलाटण्याच बोथट होतात.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला वारले. दौलतरावाचा जन्म १७७९ चा, म्हणजे गादी हाती आली तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. १४ सप्टेंबर १७९७ ला पुण्यात यशवंतरावाच्या भावावर, मल्हारराव होळकरावर, छापा पडला आणि तो मारला गेला, तेव्हा दौलतराव अठरा वर्षांचा होता, आणि होळकरांच्या घरातलाच काशीराव त्याच्या बाजूला होता. हे लक्षात घेतलं की तो प्रसंग काळ्या कपटाचा राहत नाही. अफाट फौज, रिकामा खजिना आणि आजूबाजूला कान भरणारी माणसं, यांच्यामध्ये सापडलेलं एक पोर दिसायला लागतं. भीती अशा माणसाची जास्त वाटते, कारण तो पुढे काय करेल ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. पुरता दुष्ट माणूस काय करणार ते वाचकाला दहा पानं आधीच कळतं.

आता काही ढोबळ चुका, ज्या नव्या लिखाणात सारख्या दिसतात.

हडपसरला दौलतराव आणि यशवंतराव समोरासमोर येत नाहीत. दौलतराव तिकडे नव्हताच, शिंद्यांची फौज सदाशिवराव भास्कराच्या हाताखाली होती. दोघांची नजरानजर लिहायचा मोह आवरा.

१८१० च्या आधी शिंद्यांचा दरबार ग्वाल्हेरला भरवू नका, राजधानी उज्जैन होती. ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग वसला तो १८१० नंतर. जयविलास राजवाडा तर १८७४ चा. त्याच्या झुंबरांखाली दौलतरावाला बसवलेलं वाचलं की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

इंदूरकरांनीही हे पाळावं. होळकरांची राजधानी अहिल्याबाईंच्या काळापासून महेश्वर, आणि इंदूर राजधानी झालं १८१८ नंतर. आज दिसतो तो राजवाडा, खाली तीन मजले दगडाचे आणि वर चार लाकडाचे, जसाच्या तसा १८०१ मध्ये उभा करू नका. त्या जागेने सर्जेरावाच्या वेळेपासून १९८४ पर्यंत अनेकदा आग पाहिली आहे. चौक कुठे, नदी कुठे, एवढं घ्या. कमानी-झरोके मोजून लिहू नका.


छत्रीबाग

दौलतगंज, काशीरावाचा मुद्दा फार मोलाचा. तुकोजी गेले १५ ऑगस्ट १७९७ ला आणि मल्हाररावाचा घात झाला सप्टेंबरच्या मध्यावर. वडील जाऊन महिना होतो न होतो तोच भाऊ भावाविरुद्ध उभा. यशवंतराव तिथून निसटून नागपूरकर भोसल्यांच्या आश्रयाला गेला, तर तिथे कैद झाला. १७९८ मध्ये तिथूनही सुटला. आश्रयदाताच तुरुंगाधिकारी होतो ही कलाटणी कोणी कल्पनेने लिहिली असती तर ओढूनताणून आणलेली म्हटली असती.


नवखा_लेखक

एक अडचण विचारतो. सावकाराच्या पत्रासारखा प्रसंग मसुद्यात आहे. पत्र उघडलं जातं आणि पात्राला अर्थ उलगडतो. पण वाचून दाखवलं की ऐकणारे विचारतात, ‘म्हणजे काय झालं?’ मग समजावून सांगावं लागतं आणि सगळा जोर जातो. कुठे चुकतंय?


रेवाकाठ

चूक त्या प्रसंगात नाही, आधीच्या शंभर पानांत आहे. सांकेतिक पत्र वाचकाने पहिल्यांदा तिथेच पाहिलं तर संकेत समजावावाच लागणार.

अशी रचना करून बघा. पहिल्या चतुर्थांशात एक सावकारी पत्र येऊ द्या, निव्वळ धंद्याचं. हुंडी कोणावर, दर काय, माल कुठे अडकलाय. त्याला गोष्टीत दुसरं काही काम हवं, म्हणजे त्या पत्रामुळे एखाद्या सरदाराला पैसे मिळतात किंवा मिळत नाहीत, नाहीतर वाचक ते पेरणी म्हणून ओळखतो. मग मध्यावर दुसरं पत्र, यात एक लहान बातमी मालाच्या भाषेत दडवलेली, आणि ती उलगडणारा एखादा मुनीम. इथे वाचक किल्ली शिकतो. बातमी मामुली ठेवा, कोणी मरता कामा नये. तिसऱ्या पत्राला मुनीम नकोच. पत्र वाचलं जातं, मोती म्हणजे कोण हे वाचकाला पात्राच्या क्षणभर आधी उमगतं, आणि तुम्ही एक शब्दही न सांगता प्रकरण संपवता.

दोन पेरण्या पुरतात. चार केल्या की वाचक सावध होतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात बरंच अंतर ठेवा, मध्ये निदान एक मोठी घटना, म्हणजे किल्ली लक्षात राहते पण समोर राहत नाही.


पंचांगप्रेमी (जुनी इंदूर)

कलाटणी ‘कधी कळलं’ यावर उभी असेल तर तारखा चुकवून चालणार नाही, आणि माळव्यात बसून लिहिणाऱ्याला यात एक खास खड्डा आहे.

मराठी कागदांत महिना अमावास्येला संपतो. आपल्याकडच्या हिंदी पंचांगांत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हींचं नाव एकच, पण वद्य पक्षात एका महिन्याचा फरक. हडपसरची लढाई दिवाळीच्या तोंडावरची, म्हणजे मराठी पद्धतीने अश्विन वद्य आणि उज्जैनच्या पंचांगात कार्तिक वद्य. मराठी पत्रातला ‘कार्तिक वद्य’ उचलून हिंदी पंचांगात शोधला की माणूस एक महिना आधी जाऊन पडतो. पत्र लढाईच्या आधीचं ठरतं आणि सगळा कट कोलमडतो.

विक्रम संवताचंही तसंच. माळव्यात साल चैत्रात बदलतं, गुजरातेत दिवाळीनंतर, कार्तिकात. म्हणून तोच दिवस उज्जैनकराला संवत १८५९ आणि बडोद्याच्या गुजराती वहीत १८५८. शक १७२४, त्यात ७८ मिळवले की १८०२. जानेवारीपासून शकाचं साल संपेपर्यंत ७९ मिळवायचे.

पेशवाईच्या कागदांवर सुहूर सन असतो, अरबी आकड्यांच्या नावांनी, आणि तो मृगाला बदलतो. जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे ६००. हडपसरचा सन सलास मयातैन व अलफ, म्हणजे १२०३. अधिक ५९९, बरोबर १८०२.

लिहिताना वहीत चार रकाने करा. घटना, ती घडल्याची इंग्रजी तारीख, मराठी तिथी, आणि चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा: ही खबर कोणत्या पात्राला कोणत्या दिवशी कुठे पोचली. चौथा रकाना रिकामा राहिला की पुण्यात सकाळी घडलेलं महेश्वरला संध्याकाळी माहीत असतं. मध्ये सातपुडा आहे, तापी-नर्मदा आहेत, पावसाळ्यात नावा बंद आहेत, याचा विसर पडतो.


छत्रीबाग

पावसाळ्यावरून आठवली १८०४ ची, यशवंतरावासमोरून इंग्रज सेनानी मॉन्सनने घेतलेली माघार. जुलैत मुकुंदऱ्याच्या घाटाकडून मागे फिरलेली कंपनीची फौज ऑगस्ट अखेरीस आग्र्याला पोचली तेव्हा तिच्यातलं फारच थोडं शिल्लक होतं. धान्य संपलं, चंबळ आणि बनास फुगलेल्या, तोफा चिखलात रुतल्या आणि तिथेच टाकाव्या लागल्या.

हे लिहिताना पाऊस ऐनवेळी कोसळला की तो दैवी चमत्कार वाटतो आणि यशवंतरावाचं कर्तृत्व वाहून जातं. पाऊस आधीपासून पडत हवा. मॉन्सनच्या बाजूने त्याची गैरसोय दाखवायची, यशवंतरावाच्या बाजूने त्याचा हिशोब. हलके घोडेस्वार चिखलातून जातात, बैलांनी ओढायच्या तोफा जात नाहीत. हा एकच फरक आधीच्या दोन प्रसंगांत सहज येऊन गेला की माघार सुरू होताच वाचक स्वतः पुढचं मोजायला लागतो.


दौलतगंज (ग्वाल्हेर)

याच्या उलट एक अवघड जागा आहे. यशवंतरावाला आसरा देणाऱ्या भरतपूरवर १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्रज सेनापती लेक याने चार हल्ले केले, चारही फसले. वाचकाला वाटतं, आता बाजू उलटली. एप्रिलमध्ये भरतपूरच्या जाट राजाने इंग्रजांशी तह केला. यशवंतराव पंजाबात गेला, तिथेही कुमक मिळाली नाही. २४ डिसेंबर १८०५ ला बियास नदीवर राजघाटचा तह. सगळं संपलं असं वाटतं, आणि तहात व त्याच्या पाठोपाठ त्याला बराच मुलूख परत मिळतो.

का मिळाला? कारण गव्हर्नर जनरल वेलस्लीला परत बोलावलं गेलं होतं. जुलैत त्याच्या जागी कॉर्नवॉलिस आला, कंपनीला युद्धाचा खर्च झेपत नव्हता. ऑक्टोबरात गाझीपूरला तो वारला आणि बार्लोने तेच धोरण पुढे चालवलं. म्हणजे नायकाच्या नशिबाचा निकाल कलकत्त्याच्या हिशोबवहीत लागला आणि नायक तिथे नव्हता. हे शेवटी दोन वाक्यांत सांगितलं तर वाचकाला फसवल्यासारखं होतं. इथे कसं लिहावं?


रेवाकाठ

दृष्टिकोन बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. सगळी कादंबरी यशवंतरावाच्या खांद्यावरून दिसत असेल तर कलकत्ता दाखवताच येत नाही. म्हणून आरंभीच ठरवावं लागतं की अधूनमधून एखादं प्रकरण शत्रूच्या कचेरीत घडेल. पहिलं असं प्रकरण पुस्तकाच्या पहिल्या पाचव्या भागात आलंच पाहिजे. शेवटाजवळ अचानक आलं तर ठिगळ दिसतं.

आणि ते प्रकरण शौर्याचं नको, खर्चाचं हवं. पलटणींचा थकलेला पगार, कर्ज, विलायतेतल्या संचालकांची नाराजी. मग वाचकाला मनात आशा धरायला जागा होते, आणि यशवंतराव पंजाबात दारोदार फिरत असताना ती आशा त्याच्यापर्यंत पोचत नाही याची तळमळ होते. छत्रीबागांनी सुरुवातीला म्हटलं तेच, फक्त उलट्या दिशेने. पानिपतात वाचकाला वाईट खबर आधी असते, इथे बरी.


मांडवी (बडोदे)

इनामदारांचा धागा आणि बडोद्याने गप्प बसावं हे कसं चालेल? इनामदारांच्या ‘झेप’चा नायक दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा २० जुलै १८१५ ला पंढरपुरात, आषाढी यात्रेच्या दिवसांत खून झाला. इंग्रजांनी त्यांच्या सुरक्षिततेची हमी घेतलेली होती. ठपका आला त्र्यंबकजीवर. बडोद्यात ही गोष्ट आजही शास्त्रींच्या बाजूने सांगितली जाते, आणि इनामदार नायक करतात तो दुसऱ्या बाजूच्या माणसाला. यशवंतराव, त्र्यंबकजी, दुसरा बाजीराव, सगळे इतिहासाने हरलेले किंवा बदनाम ठरवलेले. इनामदारांवरचं माझं प्रेम इथे आहे. ज्याच्याबद्दल वाचकाचा निकाल आधीच लागलाय त्याच्याजवळ ते वाचकाला नेऊन बसवतात. ही कलाटणी कथानकात घडत नाही, वाचकात घडते, आणि ती पाचशे पानं पुरते.

पण खऱ्या अर्थाने चित्तथरारक जागा ठाण्याच्या किल्ल्यातली. त्र्यंबकजीला तिथे ठेवलं तेव्हा पहाऱ्यावर मुद्दाम फक्त गोरे शिपाई नेमले, देशी शिपाई फितूर होतील म्हणून. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नोकरीत एक मराठी मोतद्दार शिरला. घोड्याची निगा करता करता खिडकीखाली गाणी म्हणायचा, आणि गाण्यांतून सुटकेचा बेत कैद्याला कळवायचा. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये पावसाळी रात्री भिंतीला भोक पाडून त्र्यंबकजी पसार झाला.

फितुरी टाळायला जी खबरदारी घेतली तीच सुटकेचं दार झाली. लिहिणाऱ्याने एवढंच करायचं: गोरा पहारा नेमण्याचा निर्णय त्या अधिकाऱ्याच्या शहाणपणाची खूण म्हणून आधी दाखवायचा, वाचकालाही तो चोख वाटला पाहिजे. मोतद्दाराला मात्र प्रसंगाच्या कडेला ठेवायचं. त्याचं गाणं पहिल्यांदा येतं तेव्हा पानावर दुसरंच काही महत्त्वाचं चाललेलं असावं.


नवखा_लेखक

तिन्ही वाचायच्या तर कोणती आधी?


छत्रीबाग

इनामदारांनी लिहिल्या त्या क्रमाने ‘झेप’, ‘झुंज’, ‘मंत्रावेगळा’. पण कलाटण्यांचा अभ्यास करायचा असेल तर ‘झुंज’ आधी घ्या, कारण यशवंतरावाचा काळ १८११ ला संपतो. मग त्र्यंबकजीची ‘झेप’, आणि शेवटी दुसऱ्या बाजीरावाची ‘मंत्रावेगळा’. ‘झुंज’मध्ये जो बाजीराव होळकरांच्या बाजूने पाहायचा, त्याच्याच शेजारी ‘मंत्रावेगळा’त बसायला मिळतं. दोन्ही पुस्तकं वाचताना पंचांगप्रेमींचा चौथा रकाना भरत जा. हडपसरच्या दिवशी बाजीरावाला काय ठाऊक होतं आणि यशवंतरावाला काय, ते एका ओळीत समोरासमोर लिहा.

पुस्तकं बाजारात सलग मिळत नसतील तर इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेत चौकशी करा. जुन्या आवृत्तीचा कागद ठिसूळ असतो, तेव्हा पानांत खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवू नका, टिपणं वहीतच घ्या.